पूर्वग्रह : एका शब्दाची पुण्यातील चौकशी

'पूर्वग्रह' हा शब्द आपल्या बोलण्यात आता इतका रुळला आहे की, तो कोठून आला, त्याच्या आधी त्याच्या जागी कोणते शब्द होते आणि येताना अर्थाचा कोणता भाग त्याने वाटेतच सोडून दिला, याची चौकशी करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. धर्मग्रामाच्या सभेत दोन कुटुंबांचे बिनसले की कोणीतरी म्हणतोच, 'तुमचे मन पूर्वग्रहदूषित आहे.' लग्नाची बोलणी फिसकटली, भाड्याचे घर मिळता मिळता राहिले, बढतीच्या वेळी डावलले गेले, की हाच शब्द पुढे येतो. आणि तो नेहमी दुसऱ्याच्या मनाविषयी येतो. 'माझा पूर्वग्रह आहे' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असले तरी कानांवर मात्र क्वचितच पडते.

हिंदीत याच अर्थी 'पूर्वाग्रह' म्हणतात. हिंदीच्या सहवासाने आपल्याकडील वर्तमानपत्रांतही अधूनमधून तसे छापले जाते. फरक एका कान्याचा, पण तो क्षुल्लक नव्हे. 'ग्रह' म्हणजे घेणे, पकडणे. त्यावरून मनाने करून घेतलेली समजूत. 'त्यांचा माझ्याविषयी भलताच ग्रह झाला आहे' असे आपण म्हणतो तेव्हा तो ग्रह भेटून, बोलून दूर करता येईल अशी आशा त्या वाक्यात असते. 'आग्रह' यात धरून बसणे आले. पाहुण्याच्या पानात तिसरी जिलेबी पडते ती आग्रहाने, आणि पाहुणा नको म्हणत असताना पडते! पुढची पायरी दुराग्रहाची. ग्रह, आग्रह, दुराग्रह ही एकाच धातूची तीन वये आहेत, असे म्हटले तर व्याकरणपंडितांनी रागावू नये. मराठीने या मनोविकाराला नाव देताना त्याचे कोवळे वय निवडले आणि हिंदीने थोडे जून झालेले, इतकेच.

हे दोन्ही शब्द संस्कृत घडणीचे, ग्रांथिक. घराघरांतील मराठीपाशी त्याआधीही शब्दांची वाण नव्हती. आकस, किंतु, वाकडे, अढी. आंबा अढीत घातला की झाकलेल्या जागी पिकतो. मनातली अढीही झाकून ठेवली की तशीच पिकते. पण या सर्वांहून आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो 'पंक्तिप्रपंच' हा शब्द. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना दुजाभाव करणे, कोणाच्या पानात तुपाची धार आणि कोणाच्या पानात नुसता वास, याला मराठी माणसाने खास नाव दिले. अन्यायाचे नाव स्वयंपाकघरातून आलेले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढे जी हकिकत सांगावयाची आहे ती चहाच्या पेल्याची आहे.

तत्पूर्वी त्या इंग्रजी शब्दाकडे वळू, ज्याला प्रतिशब्द म्हणून आपण 'पूर्वग्रह' वापरतो. 'प्रेज्युडिस' हा शब्द लॅटिनमधून आला. 'प्राय' म्हणजे आधी आणि 'युदिकियुम' म्हणजे न्यायनिवाडा. रोमन न्यायालयात हा शिवीचा शब्द नव्हता. मुख्य दाव्याच्या आधी एखादा मुद्दा निकालात काढावा लागे, त्या पूर्व-निवाड्याला हे नाव होते. आणि तो मुद्दा बहुधा कोणता असे? समोरचा मनुष्य कोण आहे, हा. हा जन्माने स्वतंत्र की गुलामगिरीतून मुक्त झालेला? हा अमक्याचा मुलगा आहे की नाही? आधी दर्जा ठरे, मग दावा उभा राही. तो दर्जा एकदा ठरला की पुढल्या दाव्यात काय होणार याचा अंदाज शहाण्यांना आधीच येई. त्यातूनच या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला : आधीच्या निवाड्यामुळे होणारे नुकसान. इंग्रजी कायद्याच्या भाषेत तो अर्थ आजही जिवंत आहे. वकिलाच्या पत्रावर 'विदाऊट प्रेज्युडिस' असे शब्द असतात आणि मराठी दस्तऐवजात आपण तिथे 'हक्कास बाध न येता' असे लिहितो.

म्हणजे मूळ शब्द एक, पण मराठीत त्याचे दोन तुकडे झाले. मनातल्या भागाला आपण 'पूर्वग्रह' म्हटले आणि नुकसानीच्या भागाला 'बाध'. पहिला तुकडा निबंध-व्याख्यानांत गेला, दुसरा कचेरीत. ज्याच्या मनात पूर्वग्रह असतो तो निराळा, आणि ज्याला बाध येतो तो निराळा. शब्द वेगळे झाल्यामुळे ही दोन माणसे एका वाक्यात भेटेनाशी झाली. 'अमक्यांचे जरा पूर्वग्रह आहेत हो, पण माणूस भला', असे आपण सहज बोलून जातो. हे वाक्य एका शब्दाने बोलणाऱ्या भाषेपेक्षा दोन शब्दांच्या भाषेत अधिक सुखाने उच्चारता येते, असे आमचे मत आहे.

लॅटिन बायबलात हा शब्द एका फार उचित ठिकाणी येतो. संत पौलाच्या तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या एकविसाव्या ओवीत. तिथला प्रसंग न्यायदानाचाच आहे. वडीलधाऱ्या सेवकांवर आरोप आले तर दोन-तीन साक्षीदारांवाचून ते ऐकून घेऊ नयेत असे सांगून पौल तरुण तिमथीला बजावतो की, चौकशीपूर्वी मत बनवू नकोस, कोणाची बाजू घेऊ नकोस. मूळ ग्रीक पत्रातील शब्द 'प्रोक्रिमा'; त्याचीही घडण तीच, आधीचा निवाडा. पौलाने ही ताकीद बाहेरच्या जगाला नव्हे, ख्रिस्तसभेतल्या अधिकाऱ्याला दिली होती, याची आठवण लेखाच्या शेवटी पुन्हा होईल.

आता पुण्यात येऊ.

पुण्याच्या पेठांत ख्रिस्ती माणूस इंग्रजांबरोबर आला, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. तीही एक ग्रहच. क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च ज्या जागेवर उभे आहे ती जागा सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, पेशव्यांच्या लष्करात चाकरीस असलेल्या कॅथलिकांसाठी देण्यात आली. दों मिगेल द नोरोन्या या गोवेकर अधिकाऱ्याचे नाव त्या देणगीशी जोडलेले आहे. इंग्रजांचा अंमल पुण्यावर बसला तो १८१८ मध्ये; म्हणजे देवालयाची जागा त्याच्या सव्वीस वर्षे आधीची. ज्या दरबारात सोवळ्याओवळ्याचे नियम काटेकोर होते, त्याच दरबाराने परधर्मीय शिपायांच्या उपासनेची सोय केली. शेजार आणि पूर्वग्रह हे एकाच अंगणात सुखाने नांदू शकतात, हे त्यावरून समजावे. जमीन देता येत होती; पंगत मात्र देता येत नव्हती.

शंभर वर्षांनंतर नेमके हेच घडले. गुरुवार पेठेत पंचहौद म्हणून भाग आहे. पाण्याच्या पाच हौदांवरून पडलेले नाव. तिथे इंग्लंडच्या अँग्लिकन पंथातील काउली फादर आणि वाँटेजच्या धर्मभगिनी यांचे मिशन होते. त्यांचे 'पवित्र नाम' देवालय १८८५ साली उभे राहिले. हे मिशन आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हे. पण पुणेकरांच्या लेखी हा भेद फारसा नव्हताच. झगा घातलेला तो पाद्री, आणि पाद्री तितका एक.

त्या मिशनात १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात एक सभा झाली. निमंत्रणामागे गोपाळराव जोशी होते. अमेरिकेत जाऊन १८८६ साली वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात निधन पावलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे हे पती; मोठे विक्षिप्त, लोकांच्या ढोंगावर बोट ठेवण्याची हौस असलेले गृहस्थ. सभेला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आले, बाळ गंगाधर टिळक आले, चोवीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले आले. शहरातील आणखीही कितीतरी शिकलेली मंडळी आली. व्याख्यान झाल्यावर रिवाजाप्रमाणे चहा आणि बिस्किटे पुढे करण्यात आली. काहींनी घेतली, काहींनी पेला हातात धरून तसाच खाली ठेवला, असे सांगतात. मंडळी घरी गेली. प्रकरण तिथेच संपावयाचे, पण थोड्याच दिवसांत 'पुणे वैभव' या पत्रात सभेस गेलेल्यांची नावे छापून आली. चाळीसहून अधिक नावे होती.

गोपाळरावांनी हे का केले याविषयी तेव्हापासून तर्क चालू आहेत. सुधारकांची परीक्षा पाहावी, व्यासपीठावर एक आणि घरात दुसरे असे जे वागतात त्यांना उघडे पाडावे, असा त्यांचा हेतू असावा, असे आम्हांस वाटते. हेतू काहीही असो. यादी छापली गेली आणि यादी छापली जाणे हाच अर्धा निकाल होता. सनातनी पक्षाचे पुढारी बाळासाहेब नातू यांनी शंकराचार्यांकडे तक्रार केली. शंकराचार्यांच्या वतीने शास्त्र्यांचे एक मंडळ चौकशीस बसले. त्या काळच्या भाषेत याला 'ग्रामण्य' म्हणत आणि हे प्रकरण इतिहासात 'चहा ग्रामण्य' म्हणूनच ओळखले जाते.

आज हे वाचताना हसू येते. पण ज्यांच्या घरावर ते आले त्यांना हसू येण्याजोगे काही नव्हते. वाळीत पडलेल्या घरी श्राद्धपक्षाला भटजी मिळत नसे. मुंज अडे, लग्न अडे. सासरी गेलेल्या लेकींना माहेरी पाठवावे की नाही, असा प्रश्न व्याह्यांपुढे उभा राही. पुरुष सभेत चहा पिऊन आले आणि त्याची किंमत माजघरातल्या बायकांनी मोजली. घरातील वृद्धांच्या शेवटच्या संस्कारांची चिंता तर निराळीच. टिळकांनी चौकशीत आपली बाजू शास्त्राधारे हिरिरीने मांडली. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचेही सांगितले. तरीही पुढे बराच काळ घरच्या कार्यांना उपाध्याय मिळवताना त्यांना त्रास झाला. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. स्वतःसाठी नव्हे; आपल्यामुळे अडलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. त्यांच्या पत्नी रमाबाई यांना ते रुचले नव्हते. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हा सल लपवलेला नाही. सुधारकांनी रानड्यांवर टीका केली, सनातन्यांना तर त्यांचे प्रायश्चित्तही खरे वाटले नाही. ज्या माणसाची बुद्धी महाराष्ट्रात अग्रगण्य मानली जाई, त्याच्यावर ही पाळी आली.

रानडे किंवा टिळक यांच्या मनात ख्रिस्ती माणसाच्या हातच्या चहाविषयी किळस होती, असे मानण्यास काहीही आधार नाही. ती असती तर ते गेलेच नसते. म्हणजे या प्रकरणातल्या प्रमुख व्यक्तींच्या मनात तो पूर्वग्रह नव्हता, किंवा असला तरी फिका होता. आणि तरीही त्याची अंमलबजावणी त्यांच्याकडून पुरेपूर झाली. मग तो पूर्वग्रह होता कोठे? तो भटजीच्या येण्या-न येण्यात होता, व्याह्यांच्या निरोपात होता, वर्तमानपत्रातल्या यादीत होता. 'पूर्वग्रह म्हणजे मनाचा दोष, शिक्षणाने तो जातो', असे आपण शाळेत निबंधात लिहितो. १८९०चे पुणे या वाक्याला आधार देत नाही. मन स्वच्छ झालेल्या माणसांनाही तो वाकवू शकतो, कारण त्याचे बिऱ्हाड मनाबाहेर, व्यवहारात असते. म्हणूनच त्या लॅटिन शब्दातला कायदेशीर अर्थ आम्हांला अधिक खरा वाटतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. दोन वर्षे हे ग्रामण्य चालले, त्यात वाद कशाचा होता? चहा कोण प्यायला, कोण प्यायला नाही, प्यायल्यास प्रायश्चित्त थोर की लहान, घेतलेले प्रायश्चित्त पुरेसे की अपुरे. मिशनच्या हातचे पाणी विटाळ करते की नाही, हा प्रश्न चौकशीस घेतलाच गेला नाही. तो निवाडा आधीच झालेला होता. रोमन न्यायालयाप्रमाणे आधी माणसाचा दर्जा ठरला आणि मग दावा उभा राहिला. फरक एवढाच की, ज्यांचा दर्जा ठरला ते या दाव्यात पक्षकारही नव्हते. पुढच्या काळात ही हकिकत अनेकांनी लिहिली. रानड्यांचे चरित्रकार लिहितात, टिळकांचे लिहितात. तिच्यात नायक दोन, खलनायक एक आणि विदूषक एक असतो. पंचहौदाच्या आवारात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना त्या दोन वर्षांत बाजारातून येता-जाता काय ऐकावे लागले असेल, याची चौकशी कोणी केलेली आम्हांस आढळली नाही. बाध कोणाला आला, या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी 'रानड्यांना' असे दिले आहे.

पंचहौदापासून जवळच, गंज पेठेत, महात्मा जोतीराव फुले यांचा वाडा आहे. तिथल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला होता. चहाच्या आधी बावीस वर्षे. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या हौदाविषयी कोणी शास्त्र्यांचे मंडळ नेमले नाही. कारण तिथे पाणी पिणाऱ्यांच्या घरी अडवून धरण्याजोगे भटजीचे येणे नव्हतेच. कोणाच्या चहावर ग्रामण्य व्हावे आणि कोणाच्या पाण्यावर होऊ नये, यातही एक पंक्तिप्रपंच आहे.

त्याच १८९० सालच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी आपले शारदा सदन मुंबईहून पुण्यास आणले. रमाबाईंचा स्नानसंस्कार १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे, याच धर्मभगिनींच्या सहवासात झाला होता. त्यामुळे पुण्यात पाऊल टाकताच त्यांच्याविषयी निकाल तयार होता. त्यांनी विधवांना शिकवावे, पण त्या ख्रिस्ती आहेत. त्या विद्वान आहेत, पण ख्रिस्ती आहेत. 'पण'च्या पुढचे सर्व आधीच ठरलेले. 'केसरी'ने त्यांच्यावर सातत्याने टीका केली. १८९३ मध्ये सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात या कारणावरून रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीही अंग काढून घेतले.

इथे न्यायाने बोलावयास हवे. टीकाकारांची शंका अगदीच निराधार होती, असे नाही. रमाबाई आपली श्रद्धा दडवीत नसत, त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. आधी बांधलेले मत कधी कधी खरेही निघते. पण निवाडा खरा निघाला म्हणून तो चौकशीनंतर दिलेला ठरत नाही. शिवाय त्या विधवांना घरात कसे वागवले जात होते, याची चौकशी याच पत्रकारांनी त्याच तत्परतेने केली असती, तर त्यांच्या कळकळीवर विश्वास ठेवता आला असता.

आणि रमाबाईंना बाध फक्त पुण्यातून आला असेही नाही. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांचे म्हणणे पडले. क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांच्या हितचिंतक सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. एक ब्राह्मण विधवा ख्रिस्ती झाली, म्हणजे तिने कृतज्ञ असावे आणि गप्प असावे, हा तिकडचा पूर्वग्रह होता. पुण्याने त्यांना ख्रिस्ती म्हणून नाकारले. इंग्लंडने त्यांना स्वीकारले, पण प्रश्न विचारणारी म्हणून नव्हे.

व्यक्तीच्या नव्हे, तर सबंध जमातीच्या बाबतीत हाच प्रकार कायद्याने केला. १८७१ साली इंग्रज सरकारने जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला त्यात गुन्हा घडण्याची वाटच पाहिलेली नव्हती. मूल जन्मले की निकाल लागलेला. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणात अशा जमातींची वसाहत होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हे नाव दिले तेव्हा कायदा जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. तो शब्द मात्र गेला नव्हता. वाळीत टाकण्याविरुद्ध तर महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, जो पुढील वर्षी अमलात आला. ग्रामण्याच्या काळी तो असता तर नातूंवर फिर्याद करता आली असती, असा खट्याळ विचार मनात येऊन जातो. रानड्यांनी ती केली नसती, हेही तितकेच खरे.

गेल्या काही वर्षांतले उदाहरण आपल्या सर्वांच्या जवळचे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. 'सुवार्ता'चे संपादक, वसईच्या पर्यावरणासाठी उभा राहिलेला माणूस, 'सुबोध बायबल'सारखा ग्रंथ मराठीला देऊन साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारा लेखक. त्यांनी काय लिहिले, कसे लिहिले, ते अध्यक्षपदाच्या तोलाचे आहे की नाही, यावर वाद झाला असता तर तो रास्त होता. साहित्यिकांवर असे वाद व्हावेतच. पण वाद झाला तो झग्यावर. धर्मगुरूला हा मान कशासाठी, असे म्हणत काही मंडळींनी विरोध केला, धमक्यांचे फोन आले. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. मराठीतील छापील ग्रंथांची परंपरा सांगताना ज्याला वगळता येत नाही असा तो ग्रंथ. चारशे वर्षांनंतरही मराठीच्या घरात 'तुम्ही कोण? कोणाचे?' हा रोमन प्रश्न विचारला गेला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, पाठदुखीने हैराण असताना फादर व्यासपीठावर आले. बहुसंख्य मराठी लेखक-वाचक त्यांच्या बाजूला उभे राहिले, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. १८९० मध्ये असे घडले नव्हते. २५ जुलै २०२४ रोजी फादर निवर्तले, तेव्हा ज्यांनी शोक केला त्यांत त्यांचा झगा कधीही न खटकलेले असंख्य होते.

इथवर वाचताना आपल्या कुटुंबातील वाचकांना बरे वाटले असेल. 'विहिरीत पाव टाकून बाटवले' ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत, गाडीत, कचेरीत ऐकलेली आहे. 'तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतके चांगले कसे?' हे प्रशस्तिपत्रकही बहुतेकांना मिळाले आहे. सोसायटीच्या दारावर आडनाव ऐकून भाडे वाढते किंवा फ्लॅट 'नुकताच गेला' असे कळते. बाध कसा येतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु पौलाचे पत्र तिमथीला होते. आपल्याच उपासनेत, पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेत, शतकानुशतके यहुदी समाजासाठी 'अविश्वासू' या अर्थाचे विशेषण म्हटले जात असे. ते पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयीचे आपले निवेदन प्रसिद्ध केले. एक शब्द वगळावयाला इतका काळ लागला, आणि तो शब्द उच्चारणाऱ्या बहुसंख्य भाविकांना त्याचा लॅटिन अर्थही ठाऊक नव्हता. पुण्यात शनिवार पेठेत, शनिवारवाड्याच्या परिसरात, येशूसंघीय फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी 'स्नेहसदन' उभे केले ते त्या परिषदेनंतरच्या हवेत. जुन्या पेठेत जाऊन मराठी चिंतकांशी मराठीत बोलावे, हा त्यामागचा विचार. पंचहौदाच्या चहानंतर सुमारे पाऊण शतकाने त्याच शहरात हे झाले.

आणि घरातल्या घरात काय? कॅम्पातले आणि पेठेतले, इंग्रजी मिस्सेचे आणि मराठी मिस्सेचे, गोवेकर आणि वसईकर, आणि या सर्वांच्या पंगतीत शेवटच्या पानावर नगर-औरंगाबादकडून पोटापाण्यासाठी पुण्यास आलेली आपली भावंडे. 'जुने ख्रिस्ती' आणि 'नवे ख्रिस्ती' हे शब्द आपण कालगणनेसाठी वापरत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. भारतातील कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेत अस्पृश्यता आणि भेदभाव असल्याचे स्पष्ट शब्दांत मान्य केले. एखाद्या संस्थेने स्वतःविषयी असे लिहून देणे सोपे नसते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या, आणि त्यामागचा युक्तिवाद असा की, ख्रिस्ती धर्मात जात नाही. हा युक्तिवाद खोटा पाडणारे पुरावे आपल्याच लग्नाच्या बोलण्यांत रोज तयार होत असतात.

या बोलण्यांची रीत ठरलेली आहे. मुलगा चांगला, मुलगी शिकलेली, दोघे एकाच युवक संघात, धर्मगुरूंना दोन्ही घरे माहीत. मग दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, चहा येतो आणि कोणीतरी हळूच विचारते, 'मूळ गाव कोणते म्हणालात?' गावाच्या नावावरून आडनाव जुळवले जाते, आडनावावरून आजोबा. विचारणाराच्या मनात कसलाही द्वेष नसतो. त्याला विचारा, तो शपथेवर सांगेल. नंतर कळवतो म्हणून मंडळी उठतात.

१९८३च्या धर्मनियमसंहितेतील ८७७वे कलम स्नानसंस्काराच्या वहीत काय लिहावयाचे ते सांगते : बालकाचे नाव, संस्कार देणाऱ्याचे नाव, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता, साक्षीदार असल्यास साक्षीदार, संस्काराचे ठिकाण व दिवस, जन्माचे ठिकाण व दिवस. जातीचा रकाना त्यात नाही. पंचवीस वर्षांनी लग्नाच्या नोंदीसाठी जेव्हा त्या वहीतला उतारा काढला जातो, तोवर तो रकाना दोन्हीकडच्या नातेवाइकांनी तोंडी भरलेला असतो.